बाईंना महिनाभर राहू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून कळवतेय.

ब्युरोतून आलेल्या नव्या बाई दुसऱ्याच दिवशी तुमच्या मनातून उतरल्या. चेहऱ्यावर हसू नाही, पहिल्याच दिवशी उशीर, बाबांना उठवताना तोंडातून शब्द नाही. "माणूस मला बघताक्षणी कळतं," असं आई म्हणाली. आई, तुला माणसं कळतात हे मला मान्यच आहे. पण ती सगळी वाड्यातली, शाळेतली, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर वावरलेली. त्यांतलं एक तरी पहिल्या दिवशी कळलं होतं का? शेजारच्या काकूंशी तू पहिलं वर्षभर धड बोलतही नव्हतीस!

आणि त्याच आठवड्यात बँकेतला तो मुलगा आला. वाकून नमस्कार केला, पोहे मागून घेतले, आपल्याच तालुक्यातला निघाला. बाबांनी एफडी मोडून विमा पॉलिसीवर सही केली. पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर टार्गेट आहे आणि गोड बोलणं हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही, तसाच बाईंच्या गप्प राहण्यावरून त्यांचाही कळत नाही.

अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्केच. काहींचं भाषण तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवरच होतं! घाई असली की भल्या माणसाचंही हे असं होतं. आपल्या बाई सकाळी दुसऱ्या घरचा स्वयंपाक उरकून, बस बदलून येतात. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही विचारल्यावर.

त्यांना महिनाभर तरी राहू द्या. बाबांच्या हातून आमटी सांडली की त्या काय करतात ते बघा. गोळी द्यायची राहिली तर आपणहून सांगतात का? झाडूवालीशी कशा बोलतात? तुमच्याशी सगळेच नीट बोलतील, पगार तुम्ही देता. दागिने मात्र लॉकरमध्येच असू देत, आणि पोलीस पडताळणीचा फॉर्मही भरू. त्यात बाईंचा अपमान नाही, कोणीही आलं असतं तरी हेच केलं असतं.

पॉलिसीचं काम मात्र थांबायचं नाही. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होईल, बाकीचे पैसे मिळतील. पाकिटावरच्या तारखेचा आणि पहिल्या पानाचा फोटो आजच पाठवा. अर्ज मी लिहिते, बाबांनी फक्त सही करायची. तो मुलगा परत आला तर पोहे जरूर द्या, पण मला फोन लावल्याशिवाय कशावरही सही करू नका.

तुमची,
धाकटी