विषय: खराब ॲम्युनिशनमुळे रायफलचं झालेलं नुकसान आणि त्याची योग्य भरपाई मिळण्याबाबत

प्रति,
मालक / मॅनेजर साहेब,
शस्त्र व दारूगोळा विक्रेते, पुणे

नमस्कार साहेब,

मी तुमचा कोल्हापूरचा जुना गिऱ्हाईक, ५० मीटर प्रोन (झोपून रायफल मारायचा प्रकार) खेळतो, माझ्या लायसन्सवर तुमच्या दुकानाच्या एंट्र्या ओळीने आहेत त्यामुळे ओळख सांगत बसत नाही. फोनवर बोलणं झालंय, काउंटरवरच्या तुमच्या माणसाशी व्हॉट्सॲपवर पण झालंय, पण दर वेळी वेगळं उत्तर मिळतं म्हणून आता सगळं एकदा लेखी देतोय आणि उत्तरही लेखीच पाहिजे.

तुमच्याकडून घेतलेल्या इम्पोर्टेड .२२ मॅच ॲम्युनिशनच्या लॉटमधला एक राउंड प्रॅक्टिसमध्ये मागच्या बाजूने फुटला. बॅरलमधून गोळी गेली पण केसची (राउंडच्या पितळी कवचाची) रिम, म्हणजे मागची कड, फाटली आणि गरम गॅस बोल्टमधून (राउंड मागून बंद करणाऱ्या भागातून) मागे आला. तुम्ही या धंद्यात आहात, तुम्हाला .२२ रिमफायरचं वेगळं सांगायला नको, यात प्रायमर वेगळा नसतो, पेटणारा मसाला त्या रिमच्या घडीतच भरलेला असतो आणि पितळ तिथे पातळच ठेवावं लागतं नाहीतर फायरिंग पिनने ते दबणार कसं. त्यामुळे पितळात दोष असला, किंवा मसाला नाहीतर पावडर जास्त पडली, तर फाटणार ते तिथेच, आणि फाटलं की एक्स्ट्रॅक्टरसाठी (केस बाहेर ओढणाऱ्या हूकसाठी) जी खाच असते, जिथे केसला मागून आधार नसतो, तिथून सगळा जोर बाहेर पडतो. माझ्या बाबतीत अगदी हेच झालंय. फुटलेली केस मी जपून ठेवलीय, एक्स्ट्रॅक्टरच्या जागी बरोबर अर्ध्या नखाएवढा तुकडा उडालाय, कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या आहेत आणि आतून काळ्या पडल्यात. फायरिंग पिनचा ठसा मात्र रिमवर जिथे पाहिजे तिथेच, स्वच्छ पडलाय.

प्रोनमध्ये गाल रायफलला टेकलेला असतो, बोल्ट डोळ्यापासून काही इंचांवर. माझ्या शूटिंग ग्लासेसवर पितळेचे बारीक कण रुतून बसलेत, काच बदलावी लागली, गालावर खरचटलं तेवढंच. काच नसती तर काय झालं असतं याचा विचार तुम्ही पण एकदा करा, कारण तुमच्या माणसाने फोनवर पहिलं वाक्य काय काढलं तर "एखादी गोळी फुटते हो कधीतरी". चष्मा न घालता पण मारणारी पोरं आहेत आपल्याकडे, गावाकडच्या क्लबात तर कितीतरी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये याच ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेऊन आला, त्यानंतर आमच्याकडे पोरांची रांग लागलीय रेंजवर आणि ती पोरं तुमच्यासारख्या दुकानांतूनच आलेला माल वापरतात. म्हणून मला हे नुसतं माझ्या रायफलपुरतं वाटत नाही.

आता रायफलचं. एक्स्ट्रॅक्टरचा हूक तुटला, बोल्ट फेसवर गॅसने खड्डा पाडलाय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेंबरच्या, म्हणजे राउंड बसतो त्या जागेच्या, तोंडाची कड खाल्ली गेलीय. गनस्मिथने भिंग लावून दाखवलं तेव्हा ती कड दातरलेली स्पष्ट दिसत होती, आता केस टाकली की शेवटी अडकते आणि काढताना ओढून काढावी लागते. लायसन्सधारक गनस्मिथ आहे, त्याने हेडस्पेस (बोल्ट आणि केस यांच्यातली जागा) गेजने मोजून लेखी रिपोर्ट दिलाय, माप मर्यादेत आहे, आणि बॅरल आतून साफ, कुठेही फुगवटा नाही, म्हणजे आधीची गोळी आत अडकली होती हा तुमचा दुसरा मुद्दा पण तिथेच संपतो. तसंही इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या प्रिंटआउटवर आधीचा प्रत्येक शॉट दिसतोय, एकही गायब नाही.

चेंबरला तेल राहिलं असेल हे तुमचं तिसरं. त्या दिवशीचे सायटर (निशाणा जुळवायचे सुरुवातीचे शॉट) आणि प्रॅक्टिस मॅचचे बरेचसे शॉट त्याच चेंबरमधून गेलेत साहेब, तेल काय मधल्याच शॉटला उगवलं? आणि "रायफल जुनी झाली" हे चौथं. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली रायफल आहे, हप्ते अजून चालू आहेत, लेकरासारखी जपलीय. .२२ च्या शिशाच्या मऊ गोळीने बॅरल अशी झिजत नाही, हजारो राउंड आरामात जातात हे तुम्हीच रायफल घेताना आम्हाला सांगता. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, त्यात गोळ्या बसवायच्या म्हणून आम्ही बॅरलला कुठला लॉट मानवतो ते क्लॅम्पमध्ये धरून तपासतो, एकेका लॉटच्या मागे धावतो. माझ्या बॅरलचे जुने ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉटचे ठसे) कागदावर आहेत, या लॉटच्या आधीच्या लॉटचे सुद्धा. खराब बॅरल असले ग्रुप देत नाही.

बरं माझ्या एकट्याचं असतं तर मी म्हटलं असतं नशीब. आमच्या क्लबातल्या आणखी एका शूटरने तोच लॉट घेतला होता, त्याच्याकडे केस फुटली नाही पण रिमला चीर गेलेल्या केसेस निघाल्या आणि काही राउंड पेटलेच नाहीत. त्याने ते बाजूला काढून ठेवलेत, लागलं तर तो पण लिहून द्यायला तयार आहे.

एवढं सगळं झाल्यावर तुमच्याकडून ऑफर काय आली, तर त्याच कंपनीची ५० राउंडची एक डबी फ्री. साहेब ज्या मालाने रायफल गेली तोच माल परत त्याच रायफलमध्ये घालायचा? आणि ती डबी घेतली की व्हॉट्सॲपवर "सेटल्ड" लिहून द्या म्हणे. मी घेतली नाही आणि घेणारही नाही.

मग सांगितलं की कंपनी परदेशातली आहे, तिकडे मेल टाका, आम्ही फक्त विकतो. मेल मी टाकलाय, साधी पोच पण आली नाही. पण हे उत्तर कायद्यात पण बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८६ वाचा, बनवणारा जर भारताच्या कायद्याखाली येत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तर विकणारा जबाबदार धरला जातो, तिथे स्पष्ट लिहिलंय. इम्पोर्टेड माल विकताना नफा इथे घ्यायचा आणि तक्रार आली की बोट समुद्रापलीकडे दाखवायचं असं चालत नाही. त्याच कायद्यात 'हानी'च्या व्याख्येत त्या वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं झालेलं नुकसान येतं. गोळी तुमची, रायफल माझी, म्हणजे मी नुसता डबीचे पैसे परत मागणारा गिऱ्हाईक नाही. आणि तुमच्या बिलाच्या तळाला "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा जो शिक्का आहे तो दोष असलेल्या मालाला लागू होत नाही, बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवसांच्या आत दोषी माल परत घ्यायला नकार देणं म्हणजेच अनुचित व्यापार प्रथा असं कलम २(४७) मध्ये आहे. मी पहिल्यांदा कळवलं ते घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, खरेदीला तेव्हा तीन आठवडे पण झाले नव्हते, मेसेज तुमच्याकडे पण आहे माझ्याकडे पण.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. तुमचा माणूस म्हणाला उरलेले राउंड आणि फुटलेली केस कुरिअरने पाठवून द्या, आम्ही बघतो. जिवंत राउंड कुरिअरने? लायसन्सवरचं ॲम्युनिशन असं पार्सलमध्ये घालून पाठवलं तर उद्या पोलीस माझ्या दारात येतील, आणि डीलरच्या तोंडून असा सल्ला यावा याचं वाईट वाटलं. मी स्वतः लायसन्स घेऊन येतो, राउंड तुमच्यासमोर मोजून त्यातले अर्धे सॅम्पल म्हणून लॉट नंबरसकट पोच घेऊन देतो. बाकीचे अर्धे सीलबंद डब्यांत माझ्याकडेच राहतील, कारण उद्या ग्राहक आयोगाने लॅबकडे तपासायला मागितले तर तिथे द्यायला लागतील. फुटलेली केस मात्र हातातून सोडणार नाही, ती तुम्ही माझ्यासमोर बघा, फोटो काढा, मोजमाप घ्या, काय हवं ते करा.

आता माझं मागणं. मला नवी रायफल नको आहे आणि मनस्तापाचे लाखभर रुपये पण नकोत. गनस्मिथच्या अंदाजपत्रकात मॅच बॅरल १,२०,०००, बोल्टचे पार्ट ३०,००० आणि फिटिंग-टेस्टिंग १२,००० असे मिळून १,६२,००० रुपये होतात. तुमच्याकडून फोनवर सांगण्यात आलं की बॅरल वापरलेली होती म्हणून निम्मे पैसे कापू. वापराबद्दल काही कापायला माझी हरकत नाही, न्यायाने बोलायचं तर बॅरल कोरी नव्हतीच, पण निम्मे कुठल्या हिशोबाने? किती राउंड गेलेत ते माझ्या लायसन्सवरच्या खरेदीवरून कळतं, त्यावरून दुसऱ्या एखाद्या गनस्मिथला, तुम्ही निवडा मला चालेल, ठरवू दे. कपात करायची तर फक्त बॅरलवर, बोल्टच्या पार्टवर आणि मजुरीवर नाही, ते काम गोळी फुटली नसती तर निघालंच नसतं. उरलेल्या सगळ्या राउंडचे बिलाप्रमाणे पैसे आणि काचेचे पैसे वेगळे, पावती जोडलीय. बॅरल आणि बोल्ट हे कायद्याने शस्त्राचेच भाग, ऑनलाइन मागवून चार दिवसांत येत नाहीत, इम्पोर्टची परवानगी लागते, त्यात सीझन जाणार हे दिसतंच आहे. त्या सीझनचे पैसे मी लावलेले नाहीत, पण परवानगीचे कागद डीलर म्हणून तुम्ही पुढे होऊन केलेत तर बरेच महिने वाचतील, एवढं तरी करा.

आणि पैशांच्या आधी करायचं काम म्हणजे हा लॉट विकणं आजपासून थांबवा. कोणाला काय विकलं याचं रजिस्टर तुम्हाला कायद्याने ठेवावंच लागतं, त्यात बघून ज्यांनी त्या काळात हे ॲम्युनिशन नेलंय त्यांना फोन करा की वापरू नका. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझी भरपाई पुढे-मागे झाली तरी मी समजून घेईन पण हे झालं नाही तर समजून घेणार नाही.

सोबत बिलाची झेरॉक्स, डबीवरच्या लॉट नंबरचा आणि केसचा फोटो, गनस्मिथचा रिपोर्ट व अंदाजपत्रक, टार्गेटचा प्रिंटआउट, जुने ग्रुप, रेंज ऑफिसरने त्या दिवशी रजिस्टरमध्ये केलेली नोंद आणि काचेची पावती जोडली आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो, मी राहतो तिथे दाखल करता येते, ऑनलाइन होते, आणि माल ५ लाखांच्या आतला असल्यामुळे फी पण नाही. तुमच्याशी कोर्टकचेरी करायची मला हौस नाही, पुढचं ॲम्युनिशन मला कुठूनतरी घ्यायचंच आहे आणि ते तुमच्याकडूनच घ्यावं असं अजून वाटतंय. सॅम्पल घेऊन कधी येऊ ते कळवा, शनिवारी मला सुट्टी असते.

आपला,
५० मीटर प्रोन शूटर व ग्राहक, कोल्हापूर
(नाव, लायसन्स नंबर व मोबाईल बिलावर आहे)