बाबा, मी फितूर झालेले नाही

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

हा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहिते आहे. गणपतीत पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "जिचं मीठ खाल्लं त्या फौजेवरच आता केसी घालते." आई, तू लगेच मोदकांचं ताट पुढे केलंस. पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं.

बाबा, मराठा लाइट इन्फंट्रीत तुम्ही उभी हयात काढलीत. तुम्ही पाहिलंत ते समरी कोर्ट मार्शल. कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश, बाजू मांडायला वकील नाही, आणि शिक्षा वर्षभराच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. जॅग ब्रँचमध्ये, म्हणजे फौजेच्या कायदा शाखेत असताना मी बसायचे ते जनरल कोर्ट मार्शलला. तिथे किमान पाच अधिकारी आणि जज अ‍ॅडव्होकेट म्हणून मी. कायदा सांगायचा, पुराव्याची उजळणी करून द्यायची. मत मात्र मला नाही. दार बंद झालं की मत विचारायला सुरुवात सगळ्यांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. कर्नलसाहेब आधी बोलले तर कॅप्टन वेगळं काय बोलणार? मतं समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने. हे सगळं फौजेच्याच कायद्यात आहे, बाबा. जवानाची बाजू नीट ऐकणं ही फितुरी असेल, तर ती मला फौजेनेच शिकवली.

शॉर्ट सर्व्हिसची ठरावीक वर्षं संपली आणि मी बेळगावात सनद घेऊन बसले. पुण्याला का गेले नाही, हे आई अजून विचारते. इथे चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्टात सुरुवातीला 'मॅडम' म्हणून कुणी उठून उभं राहत नव्हतं, हे खरं. तारीख पे तारीख बघून माझाही जीव मेटाकुटीला येतो. पण माझ्याकडे येणारा माणूस पुण्यात कुठून येणार?

परवा खानापूरकडचे एक निवृत्त नायक आले. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि मेडिकल बोर्डाचा कागद. रक्तदाबामुळे मेडिकल कॅटेगरी घसरली, वीस टक्के अपंगत्व धरलं, आणि शेरा काय, तर आजाराचा सेवेशी संबंध नाही. भरती झाले तेव्हा कागदावर आजाराची नोंदच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलंय की अशा वेळी आजार नोकरीतूनच आला असं धरायचं; नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. दावा मान्य झाला तर वीस टक्क्यांचे पन्नास धरून पेन्शन मिळू शकते. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. प्रतिवादी म्हणून भारत सरकारचं नाव लिहावं लागतं, एवढंच. त्यात राग नसतो.

आपल्या सीमेची गंमतही इथेच दिसते. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माजी सैनिकाने अर्ज करायचा तो सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, आणि कर्नाटकातल्या खानापूरच्याने कोचीला! दोघांची शेतं जवळजवळ, पलटण एक. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. तोवर मी कोचीचं तिकीट काढते.

बाकी कामं जमिनीची, वाटणीची. नोटीस कन्नडमध्ये, अशील मराठी बोलणारा. आजोबांचं मराठी खरेदीखत आणि आजचा कन्नड उतारा शेजारी ठेवून नावं जुळवायची. शाळेत कन्नड शिकताना मी रडायचे, आठवतं का आई? आता त्याच भाषेवर घर चालतं.

आणि बाबा, एक राहिलंच. तोफांच्या आवाजाने गेलेला तुमचा डावा कान. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर त्याचं काय लिहिलंय, ते तुम्ही कधी मला वाचू दिलं नाहीत. ट्रंकेतून काढून ठेवा, डिस्चार्ज बुकसह. मी रविवारी येते. केस करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण कागद तर बघू द्या. आई, किल्ली तुझ्याकडेच असते, हे मला माहीत आहे.

तुमची लेक