नडगीबद्दल तुला न सांगितलेलं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शर्यत संपल्या संपल्या तुझा निरोप पाहिला. ‘किती वेळ लागला?’ एवढंच विचारलं होतंस. ३ तास ५८ मिनिटं ४१ सेकंद. चार तासांच्या आत आलो, मित्रा! हे फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसलोय ते दुसऱ्या एका शर्यतीसाठी, गेल्या वर्षी मी २९ व्या किलोमीटरला सोडली त्या. आदल्या रात्री ताप आला होता, असं मी तुला सांगितलं होतं. ताप आलेला नव्हता.

पण त्याआधी आपली पहिली मॅरेथॉन आठव. चार तासांत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि मी पहिले दहा किलोमीटर ५:२० नं पळालो. तू मागून दोनदा ‘हळू घे’ म्हणून ओरडलास, ते मला ऐकू आलं होतं. पाय इतके हलके पडत होते की साडेतीन मिनिटं गाठीला बांधली, असंच मला वाटत होतं. स्नायू आणि यकृत मिळून जेमतेम दोन हजार कॅलरींचं ग्लायकोजेन, म्हणजे पळायला लागणारी साखर, साठवतात, आणि वेग वाढवला की शरीर चरबी बाजूला ठेवून आधी त्यालाच हात घालतं, हे मी वाचलेलं होतं. ३२ व्या किलोमीटरला ते अंगाला कळलं. मांड्या दगड झाल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे मनातला उजेडच गेला. बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली बसलो, तर गाठ कशी मारायची ते सुचेना. तू मागून आलास, माझी नाडी बांधलीस आणि उरलेलं अंतर माझ्याबरोबर चाललास. तुझ्या पायांत त्या दिवशी चार तासांची शर्यत होती. घड्याळात दोघांचेही ४ तास ३८ मिनिटं लागले.

नंतर तुझा गुडघा गेला. दवाखान्यातून बाहेर पडताना तू म्हणालास, ‘आता तू तरी चारच्या आत ये.’ तू सहज बोललास, पण माझ्या डोक्यात ते ऋण होऊन बसलं.

म्हणून शर्यतीला सहा आठवडे असताना डावी नडगी दुखायला लागली तेव्हा मी कुणालाच बोललो नाही. सुरुवातीला स्वतःची समजूत काढली की नेहमीचंच आहे, सराव वाढला की नडगी धरतेच. पण ते दुखणं हाडाच्या कडेनं लांबवर पसरतं आणि अंग गरम झालं की बरेचदा कमी होतं. माझं एका बोटाच्या टोकाखाली मावत होतं आणि पळेन तसं वाढत होतं. पुढे रात्री झोपेतही ठणकायला लागलं. खोलीचं दार लावून एका पायावर उडी मारून पाहिली आणि ओठ चावून खाली बसलो. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, सराव कसा चाललाय म्हणून. ‘झकास,’ म्हणालो.

शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली. घामानं शरीर कोरडं पडत असताना ती गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते, हे ठाऊक असून घेतली. वीस किलोमीटरपर्यंत दुखणं दबून राहिलं. मग प्रत्येक पावलाला नडगीत सळई घुसावी तसं व्हायला लागलं. मी पाऊल तिरकं टाकायला लागलो, मग उजवी कंबर धरली. २९ व्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलापाशी एक स्वयंसेविका उभी होती, वय असेल साठीचं. तिनं पाण्याचा पेला पुढे केला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे आजचं नाही ना?’ इतक्या आठवड्यांत मी पहिल्यांदा खरं बोललो. ‘नाही,’ म्हणालो आणि रस्त्याच्या कडेला झालो.

मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या बसमध्ये आम्ही अकरा जण होतो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. क्ष-किरणाच्या चित्रात काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला गेलेली बारीक चीर दिसली. आठ आठवडे पळणं बंद. आणि तुला मी तापाची गोष्ट सांगितली. त्यावर तू म्हणालास, ‘ताप काय कुणाच्या हातात असतो!’ तुझं ते वाक्य मला चिरेपेक्षा जास्त दिवस टोचत राहिलं.

शिझो कानाकुरी या जपानी धावपटूबद्दल त्याच दिवसांत वाचलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये भयंकर उकाड्यात त्यानं मॅरेथॉन मध्येच सोडली आणि संयोजकांना न कळवताच तो मायदेशी परतला. पुढे १९६७ साली त्याला पुन्हा स्टॉकहोमला बोलावून अंतिम रेषा ओलांडायला लावली. वेळ नोंदवली गेली ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटं २०.३ सेकंद. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला मात्र सारखं वाटतं, इतकी वर्षं अधूनमधून त्याला ती न सांगता सोडलेली शर्यत आठवत असेल. तुला खरं सांगायला मला चौदा महिने लागले.

पुन्हा सुरुवात केली ती एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं अशी. मग कित्येक महिने फक्त पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. हां, मध्ये एकदा डोंगरातल्या २५ किलोमीटरच्या शर्यतीत धुक्यात वाट चुकलो, ते तुला सांगायचंच राहिलं. पुढे एक पाठ दिसत होती, तिच्यामागे निघालो. बऱ्याच वेळानं ती पाठ थांबली, वळली आणि तिनं मलाच वाट विचारली! वाट दाखवायला बांधलेल्या फितीची खूण दोघांनीही कधीची पाहिली नव्हती. अशा वेळी पुढे शोधत बसायचं नाही, शेवटची खूण दिसली होती तिथवर परत जायचं. आम्ही तेच केलं. चार किलोमीटर जास्तीचे झाले. धुकं एकदम फाटलं, खाली सगळी दरी उन्हात होती आणि दोघंही घड्याळ बंद करून उभे राहिलो. तू हवा होतास तिथे.

कालची शर्यत सांगण्यासारखी फारशी नाही, आणि त्याचाच मला आनंद आहे. पहिला अर्धा २ तास ३० सेकंदांत. लोक पुढे जात राहिले, मी जाऊ दिले. नडगी गप्प होती. ३२ वा किलोमीटर आला तेव्हा तुझी ती हाक आठवली आणि मी आणखी एक किलोमीटर तसाच राहिलो. मग सोडलं स्वतःला. दुसरा अर्धा १ तास ५८ मिनिटं ११ सेकंदांत झाला. रेषेपलीकडे पदक गळ्यात पडलं तेव्हा नाडी सुटलेली होती. ती मी बांधली, आणि मग रडलो.

तुला सायकल चालवायची परवानगी मिळाली असं कळलं. पुढच्या रविवारी माझी हलकी धाव आहे, आठ किलोमीटर. सायकल घेऊन ये आणि माझ्या बाजूनं चालव. रागावला असशील तर तिथेच काय ते बोल. मी हळूच पळणार आहे, पूर्ण उत्तर देता येईल.

तुझाच,
मित्र