गव्हर्नरची पत्रं आलीच नाहीत

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझी आईच बोलत राहिली, म्हणून लिहितोय. त्या साहेबांनी तोंडी कबूल केलेली नोकरी पुण्यात गेल्यावर नव्हतीच, हे कळल्यापासून ती त्यांचा उद्धार करते आहे. मला मात्र बेंजामिन फ्रँकलिन आठवला. तुला तो पतंग, वीज आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून ठाऊक. माझा जन्म छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेला, त्यामुळे माझ्या लेखी तो आधी जुळारी.

१७२४ साली तो १८ वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर विल्यम कीथ त्याला म्हणाला, लंडनला जा, छापखान्याचं सामान घे, उधारीची पत्रं मी जहाजावर पोचवतो. इंग्लंड जवळ आल्यावर टपालाची थैली उघडली, तर त्याच्यासाठी एकही पत्र नाही. जहाजावरच्या डेनहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की कीथला बाजारात पतच नाही. वर सल्ला दिला : आता इथल्या छापखान्यात काम कर, हात सुधारेल.

दीडेक वर्ष तो तिथे राबला. सोबतचे कामगार बिअर ढोसत, हा पाणी पिई. ते दोन्ही हातांनी एक फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची जड चौकट, उचलत, हा दोन हातांत दोन घेऊन जिना चढे. (फर्मा मी उचललाय. थोडी फुशारकी असणार, आत्मचरित्र त्याचंच आहे.)

१७२६मध्ये तो परतला आणि पुढे फिलाडेल्फियात कायमरच्या छापखान्यात लागला. तिथे खिळे सतत कमी पडत. आमच्याकडे काने संपले की फाउंड्रीतून मागवायचे. तेव्हा अमेरिकेत खिळे ओतणारा कुणीच नव्हता. फ्रँकलिननं लंडनला ते काम पाहिलं होतं, तेही फारसं लक्ष न देता. तेवढ्यावर त्यानं साचा बनवला, असलेल्या खिळ्यांनीच शिशात ठसे उठवले आणि अक्षरं ओतली. पुढे न्यू जर्सीच्या नोटा छापायला तांब्याच्या पत्र्यावरून छापणारं यंत्र उभं केलं, त्या देशातलं पहिलं. नोटांवर देखरेख करायला येणाऱ्या मोठ्या लोकांशी तिथेच ओळखी झाल्या. १७२८मध्ये भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला.

पत्रं मिळाली असती, तर सामान घेऊन तो लवकरच परतला असता. म्हणून कीथचे आभार मानावेत असं नाही. फसवणूक ती फसवणूकच. फ्रँकलिननं मात्र पुढे लिहिलं, की कीथला सगळ्यांना खूश करायचं असे, द्यायला काही नसे, म्हणून तो आशा देई. बाकी गव्हर्नर चांगला होता म्हणे. तुझे साहेब त्याच पंथातले दिसतात.

तेव्हा लगेच परत येऊ नकोस. त्या वर्कशॉपमध्ये तात्पुरतं बोलावलंय ना, तिथे जा. पगार कमी असू दे. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन आपल्या गावात एकही नाही. तुझं काम नसेल तेव्हाही तिथे उभा राहून बघ.

आणि हो, लंडनमध्ये राल्फ नावाच्या मित्रानं फ्रँकलिनकडून २७ पौंड उसने नेले, ते कधीच परत आले नाहीत. तू खोलीतल्या मित्राला किती दिलेस, ते आईला कळलंय.

बाबा