ट्रॉलीला बोलतं करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गळीत हंगामात दुसरी पाळी संपवून गोकुळ शिरगावहून दुचाकीवरून घरी निघालो होतो. सेवा रस्त्यावर समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. तो सरकला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडची पानं, अगदी तोंडासमोर! कचकन ब्रेक दाबला, गाडी घसरली, गुडघा फुटला, पण वाचलो. ट्रॅक्टरवाला धावत आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्यानं लोंबणारं वाडं हातानं बाजूला सारलं, तर मागं रिफ्लेक्टर होता. नियम पाळलेला होता, दिसत मात्र काहीच नव्हतं.

मी एमआयडीसीत सर्किट बोर्डांचं काम करतो. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे: जी ट्रॉली दिसत नाही, तिला बोलतं का करू नये? वाहनांनी एकमेकांशी आणि रस्त्याकडेच्या यंत्रांशी रेडिओ लहरींवर बोलायचं तंत्र जुनं आहे. अमेरिकेनं त्यासाठी १९९९ मध्येच ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. जपानमध्ये २०१५ पासून अशा गाड्या विकल्या जातात. गाडीतलं यंत्र आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला साधारण दहा वेळा प्रसारित करतं. आसपासच्या काहीशे मीटरमधल्या गाड्यांना ते ऐकू जातं. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. किणी टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, तो प्रकार वेगळा. त्या टॅगमध्ये बॅटरी नसते, नाक्यावरच्या यंत्राच्या लहरी पोचल्या तरच तो उत्तर देतो.

आता कुणी म्हणेल, माझ्या दुचाकीवर ऐकणारं यंत्र कुठाय? रास्त प्रश्न आहे. म्हणून सुरुवात रस्त्याकडेपासून करावी. ट्रॉलीवर छोटा प्रक्षेपक, त्याला वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. खांबावरचं यंत्र त्याचा संदेश ऐकेल आणि अलीकडच्या फलकावर अक्षरं उजळतील : ‘पुढे ऊस ट्रॉली, वेग कमी करा’. मग सायकलवाल्यालाही कळेल. रिफ्लेक्टर हवेतच, आणि ते झाकणारं वाडं छाटलंही पाहिजे.

हेच फलक पावसाळ्यातही कामाचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पुराचं पाणी आलं आणि ट्रकच्या रांगा लागल्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे आकडे कोल्हापूरकराला पाठ आहेत, बेळगावहून येणाऱ्या ट्रकचालकाला नाहीत. त्याला कागलच्या अलीकडेच कळलं, तर तो तिथंच थांबेल.

लहरींचा पट्टा ठरवणं केंद्राच्या हातात आहे, ते इथून होणार नाही. पण सहापदरीकरणासाठी रस्ता खणलेला आहे, तोवर वायरींसाठी पाइप आणि खांबांसाठी जागा सोडणं आपल्याला जमण्यासारखं आहे. एकदा डांबर पडलं की पुन्हा कोण उकरणार?

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीनं येत्या हंगामाआधी परवानगीसाठी पाठपुरावा करावा आणि कागल ते शिरोली या टप्प्यात पन्नास ट्रॉल्या व चार फलकांवर प्रयोग करून पाहावा. जोडणीच्या कामाला आम्ही एमआयडीसीतले काही जण सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहोत.

आपला,
एक वाचक, उचगाव (जि. कोल्हापूर)