क्लेरिक खेळणारीस, बाकीच्या टेबलाकडून

प्रिय क्लेरिक,

हे पत्र तुला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेममध्ये (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर कथा पुढे न्यायची) चांगलं खेळायचं म्हणजे करायचं तरी काय, असं नवे खेळाडू विचारतात तेव्हा आमची त-त-प-प होते आणि शेवटी आम्ही तुझ्याकडे, आमच्या क्लेरिककडे (देवाच्या बळावर जादू करणारा, जखमा भरणारा पुजारी), बोट दाखवतो. म्हणून हे उघड पत्र. आभार तुझे, वाचून कुणाला उपयोग झाला तर तोही तुझ्याच खात्यावर.

आधी हिशेब मांडू, कारण आमचं ऋण बरंचसं वेळेचं आहे. टेबलावर ५ खेळाडू आणि १ डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे कथा आणि राक्षस चालवणारा). प्रत्येकाने टर्नला (आपल्या पाळीला) २ मिनिटं घेतली आणि डीएमने राक्षसांसाठी ४, की एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) १४ मिनिटांचा होतो. (कथेत तोच राउंड ६ सेकंदांचा असतो, हे आठवून हसायचं की रडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.) म्हणजे आपली २ मिनिटं संपली की १२ मिनिटं गप्प बसायचं. चार राउंडची लढाई ५६ मिनिटं चालते आणि मध्येच कुणीतरी मोबाइल काढतो. तेच प्रत्येकाने ४० सेकंदांत टर्न आटोपला तर राउंड साडेसात मिनिटांच्या आत येतो आणि लढाई अर्ध्या तासात मिटते.

तू ४० सेकंदांतच आटोपतेस. पण त्यात कुठे धावपळ दिसत नाही, कारण तुझं काम आधीच झालेलं असतं. तुझ्या आधीच्या खेळाडूचा टर्न सुरू झाला की तुझं ठरायला लागतं, आणि तू एक नाही, दोन बेत तयार ठेवतेस. पहिला बेत बहुतेक वेळा मोडतोच: ज्याच्यावर नेम धरला तो मरतो, नाहीतर आपलाच माणूस मध्ये येऊन उभा राहतो. स्पेलची (मंत्रांची) कार्डं तुझ्यासमोर असतात आणि कार्डावर पेन्सिलने चारच गोष्टी: पल्ला, सेव्ह (समोरच्याने वाचण्यासाठी टाकायचा फासा) कोणता, किती फासे, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवून धरणारं, फटका बसला की तुटू शकणारं लक्ष) लागतं की नाही. मग आम्हाला ऐकू येतं ते इतकंच: ‘सेक्रेड फ्लेम, पुढच्या ओग्रवर. डेक्सटेरिटी सेव्ह, १५. चुकला तर ११ रेडियंट.’ म्हणजे ओग्र नावाच्या राक्षसाने चपळाईच्या फाशावर १५ गाठले नाहीत तर त्याला ११ ची इजा. डॅमेजचे (इजेचे) फासे सेव्हच्या आधीच पडलेले असतात. मेस (गदा) फिरवायची असेल तर वीस बाजूंचा फासा आणि सहा बाजूंचा फासा एकाच मुठीतून सुटतात, आणि बेरीज तुझ्या डोक्यात होते, आमच्या कानात नाही. डीएमला फक्त ‘लागला’ किंवा ‘नाही’ म्हणायचं उरतं.

आता फायटरचा (आमच्यातल्या लढवय्याचा) निरोप पोचवायचं काम आमच्याकडे आलंय. तो म्हणतो, हीलिंगबद्दल लिहा, नाहीतर सही करणार नाही.

क्लेरिक म्हणजे ॲम्ब्युलन्स, असा समज घेऊन बरेच जण बसतात आणि ज्याचे चार एचपी (जिवाचे गुण) गेले त्याला लगेच चार एचपी परत देत सुटतात. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्युअर वूंड्समधून (हात लावून जखमा भरणारा स्पेल), विझडमचे (शहाणपणाचे) +४ धरले तर, सरासरी साडेआठ एचपी मिळतात. कॅरेक्टर पाचव्या लेव्हलला असताना समोर जे उभं असतं त्याचा एक फटका याहून मोठा. म्हणजे ॲक्शनही (टर्नमधली मुख्य कृती) गेली, स्लॉटही (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) गेला आणि माणूस होता तिथेच. तू थांबतेस. माणूस शून्यावर गेला की बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादा छोटी कृती) हीलिंग वर्ड (लांबून जखमा भरणारा स्पेल), ६० फुटांवरून, आणि ॲक्शन शिल्लक असते ती सेक्रेड फ्लेमला. तो कँट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) असल्यामुळे त्याच टर्नमध्ये चालतो. हे तर पुष्कळांना येतं. तू त्यापुढे इनिशिएटिव्हची यादी (पाळ्यांचा क्रम, मोठा आकडा आधी) बघतेस, आणि आमच्या मते तुझं खरं कसब तिथे आहे.

समजा क्लेरिक १५ वर, ओग्र १२ वर, फायटर ९ वर, आणि फायटर खाली पडलेला. तू १५ वर त्याला उठवलंस तर १२ वर ओग्र त्याला पुन्हा झोपवणार, आणि ९ वर त्या बिचाऱ्याने पुन्हा एकदा डेथ सेव्हचा (जगतो की मरतो याचा) फासा टाकायचा. स्लॉट गेला तो गेलाच, वर जिवंत माणसाचा टर्नही गेला. अशा वेळी तू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहतेस आणि क्युअर वूंड्स ‘रेडी’ करतेस (ठरलेल्या क्षणी सोडायला तयार धरतेस): ओग्रचा टर्न संपला की मी त्याला हात लावणार. हीलिंग वर्ड इथे चालत नाही, कारण रेडी करायला एका ॲक्शनचाच स्पेल लागतो. तो स्पेल धरून ठेवायलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे चालू असलेला ब्लेस (साथीदारांच्या फाशांना जोर देणारा स्पेल) सोडावा लागतो, आणि ओग्रने तुलाच हाणलं नि कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर स्लॉट हवेत. एवढी किंमत मोजून तू काय विकत घेतेस? ९ वर फायटर अर्धी चाल खर्चून उभा राहतो आणि खेळतो. यादी उलटी असली, म्हणजे ओग्रचा टर्न तुझ्या आधीच होऊन गेला असला, तर यातलं काहीच करावं लागत नाही. सरळ हीलिंग वर्ड. तू दोन्हींतला फरक बघतेस. बाकीच्यांनी निदान यादीकडे एकदा नजर टाकावी.

रोगची (Rogue, म्हणजे आमच्या चोराची) पुरवणी: संध्याकाळभर ज्याचा एकही फटका लागलेला नाही त्याला तू ‘हेल्प’ (मदतीची कृती) देतेस. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ३० टक्के. हेल्पमुळे ॲडव्हान्टेज मिळून दोन फासे टाकले आणि मोठा धरला की ५१ टक्के. खरं तर तू नुसती शत्रूपासून ५ फुटांत उभी राहिलीस तरी रोगला स्नीक अटॅक (जादा इजेचा वार) मिळतोच, आणि हेही त्याला तूच सांगितलंस. त्याआधी तो दरवेळी लपून बसण्यात टर्न घालवत होता.

सांगण्याची तुझी एक तऱ्हा आहे. तू नियम सांगतेस, निर्णय सांगत नाहीस. विझर्ड (आमचा जादूगार) फायरबॉल (आगीचा गोळा) टाकायला निघाला की ‘टाकू नकोस’ असं तुझ्या तोंडून येत नाही. ‘त्रिज्या २० फूट आहे हं, बार्ड त्यात येतोय,’ एवढं बोलून तू गप्प. (बार्ड म्हणजे आमचा भाट.) पुढचं त्याचं तो बघतो. अनुभवी खेळाडूंची मोठी खोड म्हणजे शेजाऱ्याचं शीट (पात्राच्या माहितीचा कागद) स्वतःच चालवायला घेणं. ‘तू असं कर, मग हा असं करेल’ असं चाललं की चार खुर्च्यांवर एकच माणूस खेळतो आणि बाकीचे फासे टाकणारे हात उरतात. सल्ला बहुधा बरोबर असतो, म्हणून तर त्याला अडवणं अवघड जातं.

डीएमच्या वतीने आता. खोलीत शिरल्या शिरल्या ‘परसेप्शन टाकू?’ (काही दिसतं का याचा फासा) विचारणारे खेळाडू डीएमला कोड्यात टाकतात, कारण त्यांना काय हवंय हेच कळत नाही. १८ पडला तरी काय सांगायचं? तू हेतू आणि रीत दोन्ही बोलतेस: ‘या कपाटामागे वाट आहे का ते बघायचंय. मेणबत्ती फटीजवळ धरते, ज्योत हलते का बघते.’ यावर डीएमला डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १० ठेवायचा की १५ हे ठरवता येतं, आणि अनेकदा फासाच लागत नाही. ज्योत हलते, झालं. न विचारता फासा टाकून ‘नॅचरल २०!’ ओरडणाऱ्यांबद्दल डीएमला बरंच लिहायचं होतं. आम्ही ते गाळलं.

नियमांवरून वाद झाला की तू एकदा बोलतेस, एका वाक्यात. डीएमने निकाल दिला की खेळ पुढे, आणि पुस्तक सेशन संपल्यावर उघडतं. नियम तुझ्या विरुद्ध जात असला तरी तूच आठवण करतेस, याचं आम्हाला विशेष वाटतं. २६ डॅमेज बसलं, डीएम पुढच्या राक्षसाकडे वळलासुद्धा, आणि तू म्हणतेस, ‘थांबा, माझा कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह राहिला. निम्मे म्हणजे डीसी १३.’ चुकला तर ब्लेस जातो आणि तिघांच्या फाशांना मिळणारा चार बाजूंचा जादा फासाही जातो. जाऊ दे. त्यामुळेच दुसऱ्या एखाद्या वेळी तू ‘नाही, हे मला चालतं’ म्हणालीस की कुणी पुस्तक मागत नाही.

तुझ्या कॅरेक्टरबद्दल. ‘माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं’ या वाक्याने जितक्या पार्ट्या (खेळातल्या साथीदारांच्या टोळ्या) मोडल्या असतील तितक्या ड्रॅगनने मोडल्या नसतील. साथीदारांचेच खिसे कापणारा चोर खेळायचा, आणि कुणी चिडलं की स्वभावाकडे बोट दाखवायचं. अरे, पण तो स्वभाव लिहिला कुणी? तू कॅरेक्टर बनवतानाच त्याला या चौघांबरोबर राहण्याचं कारण दिलंस, आणि त्याचा पूर्वेतिहास अर्ध्या पानात बसवलास: एक माणूस ज्याचं देणं आहे, एक वस्तू जी परत हवी आहे, आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर तुलाही ठाऊक नाही. दहा पानांचा इतिहास डीएम वाचतो, पण वापरू शकत नाही. त्यात सगळं आधीच घडून गेलेलं असतं. सेशन झीरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) खेळात काय नको हे तूच पहिल्यांदा बोललीस, लहान मुलांवरचे अत्याचार नकोत म्हणून, आणि मग बाकीच्यांनाही आपापलं सांगायला तोंड फुटलं.

ट्रोल या राक्षसाशी लढतानाही तू कॅरेक्टरला धरूनच खेळतेस. आग किंवा ॲसिड लागलं नाही तर २०१४ च्या नियमांत तो दर टर्नला १० एचपी भरून काढतो, हे टेबलावर सगळ्यांना पाठ. तू डीएमला सरळ विचारतेस, ‘माझ्या कॅरेक्टरला हे ठाऊक असेल का?’ नाही म्हटलं तर दोन राउंड मेस चालवतेस, जखमा मिटताना बघतेस आणि मग मशालीकडे हात नेतेस. न कळल्याचं नाटक तासभर ताणत बसत नाहीस, त्याबद्दल वेगळे आभार.

बार्ड कमी बोलतो. इथेही लिहायला तयार नव्हता, एकच ओळ दिली: ‘ती मला प्रश्न विचारते.’ खरं आहे. सरदाराशी बोलणं चालू असताना तू मध्येच वळून म्हणतेस, ‘तू दरबारात वाढलास ना? हा खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?’ आणि मग गप्प राहतेस. त्याला सुचायला दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदं तू कुणाला भरू देत नाहीस. तुझी वही त्यासाठीच कामी येते: नाव, गाव, त्याला काय हवंय, आपण काय कबूल केलंय, असे चार रकाने. डीएमने ऐन वेळी ठोकून दिलेलं सरायवाल्याचं नाव तीन सेशननंतर डीएमलाच आठवत नाही. तुझ्या वहीत असतं.

लेव्हल वाढली की तू ते घरून करून येतेस. नवे एचपी, +३ प्रोफिशिएन्सी (कसबाचा बोनस), तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट, तयार केलेले नऊ स्पेल, सगळं शीटवर. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवतेस आणि शीटची प्रत डीएमकडे ठेवतेस. याहून जास्त काय लिहायचं. हे नसलं की काय होतं ते विझर्डला विचारावं. त्याचं शीट अजून चौथ्या लेव्हलवर आहे.

तुझे,
फायटर, रोग, विझर्ड, बार्ड आणि पडद्यामागचा डीएम

ता. क. टेबलावरून खाली पडलेला फासा पुन्हा टाकायचा, हे ठरलेलं आहे. खाली वाकून ‘१९ आहे, बघा हवं तर’ म्हणणं बंद कर. कडा असलेला ट्रे आणून ठेवलाय.