सर्जिओ वेगा, 2009 साठी तुमचे आभार

प्रिय सर्जिओ,

डेफ्टोन्स या अमेरिकन रॉक बँडबद्दल बोलायला बसलं की बहुतेक जण 2000 च्या 'व्हाइट पोनी'पाशी जाऊन थांबतात. त्यांचं काही चुकत नाही, तो अल्बम आहेच तसा. पण मला विचाराल तर या बँडच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष 2000 नव्हे, 2009. त्या वर्षी तुम्ही बेस गिटार गळ्यात अडकवून त्यांच्यात जाऊन उभे राहिलात, म्हणून हे पत्र. तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहीत आहे, पण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. शिवाय हे आणखी चार जणांनी वाचावं, अशीही इच्छा आहे.

त्या चार जणांसाठी जरा मागे जाते. 1988 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत ही पोरं एकत्र आली. शाळकरी, स्केटबोर्डवर हुंदडणारी. स्टीफन कार्पेंटरला पंधराव्या वर्षी गाडीने उडवलं होतं आणि व्हीलचेअरवर अडकून पडलेल्या त्या काळात तो गिटार शिकला. चिनो मोरेनोचा आवाज, एब कनिंगहॅमचे ड्रम्स, आणि पुढे बेसवर ची चेंग. गायिका मॅडोनाच्या मॅव्हरिक या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला. 1995 मध्ये 'ॲड्रेनलिन' आला, 1997 मध्ये 'अराउंड द फर'. तेव्हा न्यू मेटलची, म्हणजे मेटलमध्ये रॅप मिसळणाऱ्या संगीताची, लाट होती आणि यांनाही सगळ्यांनी त्याच टोपलीत टाकलं. त्या टोपलीतून ते बाहेर पडले 'व्हाइट पोनी'ने. फ्रँक डेलगाडोचे टर्नटेबल आणि सिंथ, जड गिटार आणि तिच्यावर जवळजवळ कुजबुजणारा चिनो. अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या, यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरला, त्यातल्या 'एलीट'ला 2001 मध्ये ग्रॅमी मिळालं. तरी कंपनीचं समाधान झालं नाही. अल्बममधल्या शेवटच्या गाण्यावरून एक सोपं, रॅपच्या अंगाचं गाणं करवून घेतलं आणि 2000 मध्येच ते जोडून अल्बम पुन्हा बाजारात आणला होता. चिनोला ते आजही आवडत नाही. मलाही नाही.

2003 चा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि मग घसरण सुरू झाली. विक्रीपेक्षा माणसांची. 2006 चा 'सॅटरडे नाइट रिस्ट' कसाबसा पुरा झाला. एकमेकांशी धड बोलणं नाही, गायक आपल्या दुसऱ्या बँडमध्ये गुंतलेला, गाणी तुकड्यातुकड्यांनी संगणकावर जोडलेली. बँड तेव्हाच फुटला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं.

त्यातून सावरून 2008 मध्ये ते 'इरॉस' नावाच्या अल्बमवर काम करत होते. 4 नोव्हेंबरला सांता क्लारामध्ये चीच्या गाडीला अपघात झाला. मोठ्या भावाच्या स्मरणसभेहून तो बहिणीबरोबर परतत होता. तिने पट्टा लावला होता, त्याने नव्हता. ड्युटीवर नसलेले तीन वैद्यकीय तंत्रज्ञ योगायोगाने तिथून जात होते. ते थांबले, धावून आले आणि त्यांनी त्याला जगवलं. माझे आभार त्यांच्यापर्यंतही पोहोचोत. ची वाचला, पण पूर्ण शुद्धीवर कधीच आला नाही.

आता तुमची गोष्ट. तुम्ही काही कुठून उपटलेले नव्हता. न्यूयॉर्कच्या क्विकसँड या बँडमध्ये तुम्ही वाजवत होतात. त्यांचा 1993 चा 'स्लिप' हा अल्बम ऐकत वाढलेले किती वादक आहेत, हे त्या वादकांनाच विचारावं. 1999 मध्ये चीच्या बदली तुम्ही डेफ्टोन्सबरोबर वाजवलंही होतं. म्हणजे घर ओळखीचं होतं, माणसंही ओळखीची होती. मला वाटतं, त्यामुळे हे काम सोपं झालं नसेल, उलट जास्त अवघड झालं असेल. परक्याच्या जागी उभं राहणं वेगळं. ज्याच्या जागी आपण उभे आहोत तो आपला मित्र, तो इस्पितळात आहे, आणि समोरच्या गर्दीतला प्रत्येक जण त्याच्यासाठी हळहळतो आहे, हे वेगळं.

एप्रिल 2009 मध्ये तुम्ही बॅम्बूझल लेफ्ट महोत्सवात त्यांच्याबरोबर वाजवलंत. सुरुवातीला तर हे फक्त वेळ निभावून नेणंच होतं. मग जूनमध्ये बँडने सांगितलं की 'इरॉस' बाजूला ठेवतोय, कारण आज आम्ही जे आहोत ते त्यात नाही. जवळपास तयार अल्बम बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसायचं, तेही अशा मनःस्थितीत! निर्माता निक रास्कुलिनेझने सगळ्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं आणि अवघ्या काही महिन्यांत 'डायमंड आइज' उभा राहिला. 4 मे 2010 ला तो आला आणि बिलबोर्डवर सहावा होता. पण आकडा सोडून द्या. त्या अल्बममध्ये दुःखाचं रडगाणं नाही, उजेड आहे. ज्यांचा मित्र अर्धवट शुद्धीत पडलाय त्यांनी असा अल्बम करावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बेसचं बोलू का? मी स्वतः बेस वाजवते, त्यामुळे माझे कान आधी तिकडेच जातात. या अल्बमपासून स्टीफनने आठ तारांची गिटार घेतली. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तिची सर्वांत खालची तार 46 हर्ट्झच्या आसपास वाजते आणि बेसची 41 च्या. म्हणजे गिटार थेट तुमच्या अंगणात येऊन बसली. अशा वेळी बेसवाला एक तर तिच्या मागे लपतो, नाही तर आवाज वाढवून भांडत बसतो. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या पातळ चकतीचा, तो टोकदार, किंचित खरखरीत आघात तुम्ही अशा ठिकाणी बसवलात की गिटारच्या जाड थराला धार आली. अल्बमचं पहिलंच गाणं हेडफोनवर लावावं. सुरुवातीचा तो अवजड रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, अंगावर येतो, मग गिटार मागे सरते आणि चिनो गाऊ लागतो. तिथे बेस आणि ड्रम्सच सगळं तोलून धरतात. मी ती जागा मागेपुढे करून इतकी ऐकली आहे की आता हात आपोआप तिथे जातो.

आणि जुनी गाणी? मैफलींच्या चित्रफिती बघताना मी मुद्दाम तुमच्याकडे बघायचे. चीच्या ओळी तुम्ही चीच्याच ठेवल्यात. त्यांत स्वतःची कलाकुसर घुसवली नाहीत. नव्या गाण्यांत मात्र तुम्ही पूर्णपणे तुम्ही होतात. मला एकदा एका बँडमध्ये आजारी मित्राच्या जागी वाजवायला बोलावलं, तेव्हा नेमकं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी गाणी आपल्या पद्धतीने वाजवावीत की त्याची हुबेहूब नक्कल करावी, काही कळेना. तुमच्याकडे बघून ठरवलं: त्याचं ते त्याचं, नवं ते माझं. तो बरा होऊन परत आला तेव्हा त्याला त्याची जागा जशीच्या तशी मिळाली. हे तुमच्यामुळे झालं.

चीला मात्र परतता आलं नाही. 13 एप्रिल 2013 ला तो गेला, 42 व्या वर्षी. त्या साडेचार वर्षांत त्याच्या उपचारांसाठी मदतनिधीच्या मैफली झाल्या, इतर बँडमधले कितीतरी वादक धावून आले, आणि तुम्ही 'कोई नो योकान'सुद्धा पुरा केलात. माझ्या मते त्यांचा सर्वांत सुंदर अल्बम तोच. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. पुढे 2016 मध्ये 'गोर', 2020 मध्ये 'ओम्स'. चार अल्बम, बारा वर्षं. 'तात्पुरता' हा शिक्का त्यानंतर कुणी मारू नये.

2021 मध्ये तुम्ही बँड सोडलात आणि पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलंत की कराराच्या अटींवर जमलं नाही. त्यात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणारी मी कोण! तुम्ही शांतपणे बोललात आणि क्विकसँडमध्ये रमलात, इतकंच मी पाहिलं. वाईट वाटलं, ते अजून गेलेलं नाही.

आज डेफ्टोन्स पूर्वी कधी नव्हते एवढे मोठे झाले आहेत. 'व्हाइट पोनी' आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलं छोट्या व्हिडिओंतून या गाण्यांपर्यंत पोहोचली आणि आता प्रचंड सभागृहं भरवताहेत. ऑगस्ट 2025 मध्ये 'प्रायव्हेट म्युझिक' आला, निर्माता पुन्हा रास्कुलिनेझच. बेसवर आता फ्रेड सॅब्लन असतात. या नव्या पोरांतल्या अनेकांना तुमचं नाव माहीत नसेल. पण 2009 मध्ये तुम्ही नाही म्हणाला असतात, तर त्यांना ऐकायला हा बँड तरी उरला असता का, मला शंका आहे.

'इरॉस' कधीतरी पूर्ण बाहेर यावा असं मला फार वाटतं. त्यातलं एक गाणं चीच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास चिनोने ऐकवलं होतं, तेवढंच. तो आलाच तर त्यावर तुमचं नाव नसेल. तरीही तो ऐकताना मला तुमची आठवण येणार. मनापासून धन्यवाद, सर्जिओ.

तुमची,
बेस वाजवणारी एक श्रोती